बखर, शकावली आणि शंभूराजे

इ. स. १८१० च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी असलेल्या मल्हार रामराव चिटणीसांनी एक मोठी बखर सिद्ध केली. संभाजी महाराजांची हत्या होऊन तेव्हा एकशेवीस वर्षे झाली होती. त्यांना पाहिलेले कुणी हयात असणे शक्यच नव्हते. या बखरीतले संभाजी महाराज तापट आहेत, व्यसनी आहेत, कवी कलशाच्या मुठीत गेलेले आहेत आणि सावत्र आईला भिंतीत चिणून मारणारे आहेत. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे महाराष्ट्राने त्यांना बहुतांशी असेच पाहिले. आज त्याच राजाची जयंती गावोगावी निघते, त्यांच्यावरच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात आणि चित्रपटगृहांत लोक त्यांच्या नावाचा जयजयकार करतात. राजा तोच, नऊ वर्षांची कारकीर्द तीच. मग निकाल इतका कसा फिरला?

सोपे उत्तर असे की, ज्याची सत्ता त्याचा इतिहास. ते पुरते खोटे नाही, पण अपुरे आहे. या बदलातला सर्वांत भक्कम भाग कुणाच्या प्रेमामुळे किंवा रागामुळे घडला नाही. तो तारखांमुळे घडला.

चिटणीसांच्या घरातली जखम

मल्हार रामरावांनी सारे मनाने रचले असे म्हणता येत नाही. त्यांच्या घरात दप्तर होते, पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या हकिकती होत्या. पण त्याच घरात एक जखमही होती. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो आणि इतरांबरोबर देहान्त शिक्षा दिली. मल्हार रामराव त्याच बाळाजींच्या वंशातले.

गंमत अशी की बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ त्यानंतरही याच राजाच्या चाकरीत राहिले आणि पुढे राजाराम महाराजांसाठीही जिवावर उदार होऊन झटले. म्हणजे घराण्याला दोन गोष्टी एकदमच सांगायच्या होत्या: आमचा पूर्वज निर्दोष होता आणि आमचे घराणे स्वामिनिष्ठ आहे. दोन्ही गोष्टी एका कथेत बसवायच्या तर दोष राजाच्या स्वभावावर आणि त्याच्या सल्लागारावर ढकलावा लागतो. बखरीत नेमके तेच झाले. कवी कलश हा उत्तरेकडून आलेला, दरबारातल्या कुठल्याच घराण्याचा नसलेला माणूस. ‘छंदोगामात्य’ म्हणून तो राजाच्या अगदी जवळ पोचला होता आणि त्याची बाजू सांगायला मागे कुणी उरले नव्हते. राजाचे सारे बिघडणे त्याच्या माथी मारणे सोयीचे होते. हा कलश राजाबरोबर पकडला गेला, त्याच्याबरोबर विटंबना सोसली आणि त्याच्याबरोबर मेला, ही गोष्ट त्या मांडणीत नीट बसत नाही.

एका बखरीची शंभर पुस्तके

साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्याने मेहनत कमी केली नव्हती. कागद जमवले, जुन्या जाणत्यांना विचारले, फारसी साधनेही पाहिली. तरी संभाजी महाराजांच्या स्वभावाचे चित्र काढताना त्याने बखरींवर भिस्त ठेवली. थोड्याच वर्षांत या ग्रंथाचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ म्हणून छापले गेले. साताऱ्यातल्या एका घराण्याची कैफियत इंग्रजीत गेली, छापली गेली आणि इंग्रजी इतिहासकाराच्या अधिकाराने पुन्हा मराठीत आली. वाचणाऱ्याला वाटले, बखरही हेच सांगते आणि साहेबही हेच सांगतो, म्हणजे दोन साक्षी झाल्या. वास्तविक साक्ष एकच होती.

डफवर मराठीतून पहिली गंभीर टीका नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास केली. पण त्या पिढीपुढचा प्रश्न वेगळा होता. मराठ्यांचे राज्य म्हणजे लुटारूंचा योगायोग नव्हे, हे तिला दाखवायचे होते. त्या मांडणीत शिवाजी महाराजांना थोर ठरवणे गरजेचे होते. संभाजी महाराजांची बाजू मांडणे गरजेचे नव्हते. उलट थोर पिता आणि उधळ्या पुत्र अशी जोडी कथेला सोयीची होती. राजा गेला, राजधानी पडली, तरी रयत आणि सरदार सुमारे अठरा वर्षे झगडत राहिले, या गौरवकथेत दुबळा राजा कामाला येत होता.

रंगभूमीने हे चित्र घरोघरी नेले. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे संभाजी महाराजांवरचे ‘राजसंन्यास’ नाटक अपुरे होते. वि. ह. औंधकरांच्या ‘बेबंदशाही’चे नावच पुरेसे बोलके आहे. महाराजांच्या नावाशी जोडलेली थोरातांच्या कमळेची कथा नाटका-सिनेमांतून इतकी फिरली की ती इतिहासातच घडली असे लोक मानू लागले. समकालीन कागदांत तिला आधार नव्हता. तो कुणी मागितलाही नाही.

तारखांचे काम

बदल सुरू झाला तो एका नीरस वाटणाऱ्या कामातून. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि गावोगावची दप्तरे धुंडाळायला सुरुवात केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आणि १९१६ मध्ये कारीच्या जेधे देशमुखांकडून लोकमान्य टिळकांकडे आलेली एक छोटी शकावली छापली गेली.

जेधे शकावली वाचायला गोड नाही. अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, अमुक घडले. लेखक कुणाची स्तुती करत नाही, कुणाला शिव्या देत नाही. पण १६१८ ते १६९७ या काळातल्या घटना ती एका रांगेत उभ्या करते. बखरकाराला घटना पुढे-मागे करता येतात. एकदा तिथी सापडली की ती सोय संपते.

सोयराबाईंच्या मृत्यूची कथा या कसोटीवर घासून पाहू. बखरीतली कथा अशी की महाराज रायगडावर आले आणि त्यांनी सावत्र आईचा सूड घेतला. तारखा काय सांगतात? शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. २१ एप्रिलला मंत्र्यांनी सोयराबाईंचे पुत्र, दहा वर्षांचे राजाराम यांना मंचकी बसवले. संभाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर होते. सेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, तरी ते भाच्याऐवजी संभाजी महाराजांच्या बाजूने गेले आणि पारडे फिरले. जूनमध्ये महाराज रायगडावर पोचले. ऑगस्टमध्ये त्यांनी दिलेल्या एका संस्कृत दानपत्रात राजारामांच्या मातेचे मन स्फटिकासारखे निर्मळ असून मंत्र्यांनी ते कलुषित केले, असा आशय येतो. मंत्र्यांना त्यांनी माफ करून पदेही परत दिली. राज्याभिषेक जानेवारी १६८१ मधला. सोयराबाई वारल्या त्या १६८१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे महाराज गडावर आल्यानंतर सव्वा वर्षाने.

भिंतीची कथा इथे कोसळते. पण तारखा आणखीही एक गोष्ट दाखवतात आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १६८१ च्या ऑगस्टमध्ये महाराजांवर विषप्रयोगाचा कट उघडकीस आला, त्यानंतर कटवाल्यांना देहदंड झाला आणि लवकरच सोयराबाई गेल्या. हा क्रम काय सुचवतो यावर अभ्यासक एकमताचे नाहीत. शिवाय दानपत्र हे राजाचे स्वतःचे बोलणे आहे. त्यालाही आपली बाजू चांगली दाखवायची असणारच. तारखांनी एक आरोप काढून टाकला आणि त्याच्या जागी एक प्रामाणिक प्रश्न ठेवला. इतिहासात पुष्कळदा एवढीच प्रगती होते, आणि ती थोडी नसते.

शत्रूच्या दप्तरातला राजा

दुसरा मोठा बदल आला तो परक्यांच्या कागदांमुळे. मुंबई, सुरत, कारवारच्या इंग्रज वखारींची पत्रे, पणजीतले पोर्तुगीज दप्तर आणि मोगलांच्या फारसी तवारिखा. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे काम अनेक वर्षे पाहिलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद उजेडात आणले आणि मराठी अभ्यासकांपुढे एक वेगळाच माणूस उभा राहिला.

१६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी रात्रीतून जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मार खाऊन कसाबसा निसटला. राजधानी हातची जाते असे वाटून त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती सोपवला. पुढच्या काही आठवड्यांत मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात फिरल्या. औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज चालून येते आहे असे कळले तेव्हा संभाजी महाराजांनी मोहीम आवरती घेतली. या नोंदी करणारे पोर्तुगीज महाराजांचे चाहते नव्हते. जाळपोळ आणि लूट यांच्याबद्दलचा त्यांचा संताप पानोपानी आहे. पण मद्यात आणि जनानखान्यात बुडालेला राजा त्यांच्या कागदांत भेटत नाही. भेटतो तो घाई करणारा, अचानक येणारा, धोकादायक शत्रू.

फारसी साधनांचे तसेच आहे, पण ती एकसारखी नाहीत. भीमसेन सक्सेना दख्खनच्या मोहिमेत स्वतः वावरला. साकी मुस्तैदखानाचा ‘मासिर-इ-आलमगिरी’ औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाही दप्तराच्या आधारे लिहिला गेला. खाफीखान आणखी बऱ्याच वर्षांनी लिहितो आणि रंग चढवतो. जदुनाथ सरकारांनी या साधनांवर प्रचंड मेहनत घेतली, तरी संभाजी महाराजांविषयी त्यांचे मत कडकच राहिले. एकच कागद वाचून दोन अभ्यासक दोन निष्कर्ष काढतात, कारण ते दोन वेगळे प्रश्न घेऊन कागदापाशी जातात. सरकारांपुढे औरंगजेबाचे साम्राज्य होते. मराठा राजा त्यांना बादशहाच्या वाटेवर उभा दिसत होता.

गो. स. सरदेसाईंनी आपल्या ‘मराठी रियासती’च्या या भागाला ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले. जुना आणि नवा निकाल यांच्या मधला टप्पा या शीर्षकात दिसतो. राजा नालायक नाही, पण प्रकृती उग्र. दोष चारित्र्यातून स्वभावात सरकला.

बेंद्र्यांनी प्रश्नच बदलला

वा. सी. बेंद्रे यांचे ‘छत्रपती संभाजी महाराज’ १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे सुमारे चार दशकांची मेहनत होती. युरोपातल्या संग्रहांपर्यंत जाऊन त्यांनी साधने पाहिली होती. बेंद्र्यांनी बखरीतल्या आरोपांचे खंडन केले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांची खरी कामगिरी दुसरी आहे. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांनी बाजूला सारला आणि त्याने नऊ वर्षे राज्य चालवले कसे, हा प्रश्न पुढे आणला.

हा प्रश्न पुढे येताच जुन्या घटनांची वजने बदलली. १६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपुरास पोचला, पुढच्या वर्षी औरंगाबादेत आला. बरोबर साम्राज्याची सारी ताकद होती. समोर जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, म्हैसूरचा चिक्कदेवराय आणि घरात फूट. नाशिकजवळचा रामशेजसारखा लहान किल्ला मोगलांना वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. मराठ्यांचा निकाल लागत नाही असे दिसल्यावर बादशहाने मोहरा आदिलशाही आणि कुतुबशाहीकडे वळवला. विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये. जी दोन जुनी राज्ये एकेका वर्षात बुडाली, त्यांच्या शेजारी हे नवे राज्य उभे होते. ऐषआरामी राजाची कल्पना या हिशोबात बसेना.

कमल गोखल्यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ या १९७१ च्या ग्रंथात हे काम आणखी काटेकोर केले. महाराजांचा ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ त्याआधीच छापला गेला होता. राजनीतीवर लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजपुत्र आता अडगळीतून बाहेर आला. त्याच दशकांत ललित लेखनही वळले. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ने १९६२ मध्ये बाप-लेकांच्या दुराव्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने १९७९ मध्ये हा राजा मध्यमवर्गीय घरांच्या कपाटात नेऊन ठेवला.

न विरघळणारी गोष्ट

प्रत्येक नव्या मांडणीची परीक्षा तिला अडचणीची असलेली घटना घेते. इथे ती घटना म्हणजे दिलेरखान. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजीराजे स्वराज्य सोडून मोगल सरदार दिलेरखानाला मिळाले. १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हा ते त्याच्या छावणीत होते. गडावरच्या सुमारे सातशे लोकांचे हात तोडले गेल्याची नोंद आहे. वर्षाअखेर ते निसटून पन्हाळ्यास परत आले.

बखरीने याला दुर्वर्तन म्हटले. सरदेसाईंच्या पिढीने उतावळा स्वभाव म्हटले. बेंद्रे आणि गोखल्यांनी वारसाहक्काचा पेच, सावत्र आईचा दबाव आणि मंत्र्यांशी उघड वैर पुढे आणले: शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले तेव्हा युवराजाला रायगडावर न ठेवता शृंगारपुरास पाठवावे लागले, यावरून घरातले वातावरण कळते. चौथे स्पष्टीकरण अलीकडे ऐकू येते: हा सारा बापलेकांचा ठरवून केलेला गनिमी कावा होता. हे शेवटचे स्पष्टीकरण सर्वांत सुखाचे आहे आणि सर्वांत निराधारही. त्याला समकालीन कागदाचा आधार नाही आणि भूपाळगडावरच्या त्या सातशे लोकांना त्यात जागा नाही. तिसरे स्पष्टीकरण टिकते, कारण ते घटना नाकारत नाही. एकवीस वर्षांचा, बुद्धिमान, दुखावलेला राजपुत्र असे का करू शकला ते सांगते, आणि वर्षभरात परत का फिरला तेही.

ज्या बखरीला नाकारले, तिच्याकडेच

१ फेब्रुवारी १६८९ रोजी मोगल सरदार मुकर्रबखानाने महाराजांना संगमेश्वरी पकडले. ११ मार्चला भीमेकाठी, तुळापूर-वढू परिसरात त्यांना हाल करून मारले. या सुमारे चाळीस दिवसांवर आजचा सर्वांत तीव्र वाद उभा आहे. फारसी साधनांत बादशहाच्या वतीने विचारलेले दोन प्रश्न येतात: खजिना कुठे आहे आणि आमच्यापैकी कोण तुम्हाला फितूर होते? महाराजांनी उत्तराऐवजी बादशहाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली असेही त्यांत येते. मुसलमान होण्याची अट आणि तिला दिलेले बाणेदार उत्तर ही हकिकत ठळकपणे येते ती मराठी बखरींच्या परंपरेत, आणि तिथून डफच्या ग्रंथात.

इथला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. जिवंतपणीच्या आरोपांसाठी बखर अविश्वसनीय म्हणणारे कित्येक जण मृत्यूच्या प्रसंगासाठी तिच्याच शब्दावर विसंबतात. आणि बखरीतली व्यसने पुराव्यासारखी वापरणारे तिच्यातले बलिदान दंतकथा म्हणून सोडून देतात. साधन निवडताना दोन्हीकडे कसोटी बदलली जाते. मारेकऱ्यांच्या दप्तरानुसारही हा राजा हाल सोसून वाकला नाही, एवढे निश्चित. तेवढ्यावर त्यांचे मोठेपण उभे राहते. त्याला जादा टेकू लागत नाहीत.

२०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात तत्कालीन विरोधी पक्षनेत्यांनी महाराजांना ‘धर्मवीर’ऐवजी ‘स्वराज्यरक्षक’ म्हणावे असा मुद्दा मांडला आणि राज्यभर वाद पेटला. त्याआधी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा ‘राजसंन्यास’मधल्या चित्रणाच्या रागातून उखडून नदीत टाकला गेला. २०२५ मध्ये ‘छावा’ हिंदी पडद्यावर आला तेव्हा महाराजांना पकडून देण्याचे पाप कुणाचे, यावरून घराण्यांची नावे पुन्हा निघाली. शिर्क्यांचे बंड शकावलीत आहे. पण संगमेश्वरची वाट अमक्यानेच दाखवली, असे निर्विवाद सांगणारा कागद पुढे आलेला नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा हिशोब आजच्या आडनावांशी मांडणे हा बखरीचाच जुना रोग आहे. चिटणीसांनी पूर्वजाचा कलंक धुतला. आता दुसऱ्यांच्या पूर्वजांवर तो टाकला जातो.

याच जोशात महाराज एकही लढाई हरले नाहीत, असे आकड्यांसकट सांगितले जाते. जंजिरा मात्र पडला नव्हता, मोगल कोकणात उतरल्यामुळे १६८२ मध्ये तिथला जोर कमी करावा लागला होता. गोव्यातूनही मागे फिरावे लागले होते. पाच आघाड्यांवर लढणाऱ्या राजाला कुठे थांबावे, कुठे सोडावे हे कळत होते, ही त्याची तारीफ आहे. अजिंक्य म्हटले की त्याचे डावपेच दिसेनासे होतात आणि उरते फक्त नशीब.

तेव्हा निकाल बदलतो म्हणून इतिहासावर विश्वास ठेवू नये, हे खरे नाही. कशामुळे बदलला, ते विचारावे. नवा कागद सापडला, जुन्या कागदाचा लेखक कोण ते कळले, घटनांची तिथी पक्की झाली किंवा आधी न विचारलेला प्रश्न कुणी विचारला, तर तो बदल टिकाऊ असतो. नवा निकाल आपल्याला नकोशा घटनेलाही जागा देतो का, ही त्याची शेवटची परीक्षा. बेंद्रे आणि गोखल्यांची मांडणी या परीक्षेत बऱ्याच अंशी उतरते, म्हणून ती मान्य करायची. आपल्या मनासारखी आहे म्हणून नव्हे. ज्या शकावलीने भिंतीची कथा पाडली, तिच्याच पुढे आपल्या आवडत्या कथाही उभ्या कराव्या लागतील. त्यातल्या काही टिकणार नाहीत. संभाजी महाराजांना त्याने उणेपण येणार नाही. खोट्या निंदेतून ते ज्या साधनांमुळे बाहेर आले, त्याच साधनांनी खोट्या स्तुतीतूनही त्यांना बाहेर काढायचे काम अजून शिल्लक आहे.